एओविन आपली का वाटते?

प्रश्न : मी हळ्ळीखेड (बी) इथे राहते. घरात मराठी, शाळा झाली ती कन्नडमधून, बाजारात दखनी. वाचायची गोडी आजोबांनी लावली. आता ते अर्धांगवायूने अंथरुणाला खिळले आहेत आणि त्यांचं सगळं मीच पाहते. धाकटा भाऊ पुण्याला नोकरीला असतो. दिवाळीला येताना त्याने ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’चा मराठी अनुवाद आणला. आजोबांच्या खाटेशेजारी बसून मी रात्री तो वाचून काढला. फ्रोडो आवडला, आरागॉर्नही आवडला, पण जीव गुंतला तो एओविनमध्ये. ती काही मुख्य पात्र नाही, तिच्या वाट्याला पानंही थोडीच आली आहेत. तरी तिचा प्रसंग आला की मला भरून येतं. भाऊ म्हणतो, “ती तलवार चालवणारी राजकन्या, तुझा तिचा काय संबंध?” मला उत्तर देता येत नाही. असं का होत असेल? शेवटी ती तलवार खाली ठेवते ते मला खटकलं, माझं काही चुकतंय का? आणि घरात एवढी जबाबदारी असताना अशा काल्पनिक राज्यांत रमणं म्हणजे पळ काढणं तर नव्हे?
— एक वाचक, हळ्ळीखेड (बी), ता. हुमनाबाद, जि. बीदर

उत्तर : तुमच्या पत्रात तीन प्रश्न आहेत. तिन्ही मोलाचे आहेत, म्हणून एकेक घेऊन सविस्तर लिहितो. आधी ज्यांनी हे पुस्तक वाचलेलं नाही त्यांच्यासाठी थोडी ओळख.

जे. आर. आर. टॉल्किन या इंग्रज प्राध्यापकाची ही कादंबरी १९५४ आणि १९५५ या दोन वर्षांत तीन भागांत प्रसिद्ध झाली. मुग्धा कर्णिक यांनी ती ‘स्वामी मुद्रिकांचा’ या नावाने मराठीत आणली. सत्तेची एक अघोरी अंगठी नष्ट करायला निघालेला फ्रोडो हा तिचा नायक. या मोठ्या कथेत रोहन नावाचं घोडेस्वारांचं राज्य येतं. तिथला राजा थेओडेन म्हातारा झाला आहे, आणि ग्रीमा नावाच्या कपटी सल्लागाराने त्याचं मन पोखरून त्याला पार दुबळं करून टाकलं आहे. एओविन ही या राजाची भाची. ती सात वर्षांची असताना वडील लढाईत मारले गेले, पाठोपाठ आईही आजाराने गेली. मामाने तिला आणि तिचा भाऊ एओमर याला आपल्या घरी आणून पोटच्या मुलांसारखं वाढवलं. एओमर मोठा होऊन घोडदळाचा सरदार झाला. एओविन मामाजवळ राहिली, त्याची सेवा करत.

ती मुख्य पात्र नसतानाही मनात का बसते?

माझं उत्तर असं : ती मुख्य पात्र नाही, म्हणूनच बसते.

नायकाला कथेने काम नेमून दिलेलं असतं. फ्रोडोने अंगठी घेऊन जायची, आरागॉर्नने सिंहासन मिळवायचं. त्यांच्या वाटेवर संकटं खूप, पण ती वाट त्यांचीच असते आणि सगळी कथा त्यांच्या मागोमाग चालते. एओविनला अशी वाट दिलेली नाही. ती दुसऱ्यांच्या कथेत राहते. मामाचं आजारपण, भावाच्या मोहिमा, राज्यावरचं संकट या सगळ्यांत तिची गरज सगळ्यांना आहे, पण तुला काय हवं असं तिला कुणी विचारत नाही. जगातली बहुतेक माणसं अशीच जगतात. घर चालतं ते त्यांच्या जिवावर, पण घराची गोष्ट सांगायची वेळ आली की त्यांचा उल्लेख ओझरता होतो.

टॉल्किनने हे फार बारकाईने टिपलं आहे. राजा लढाईला निघतो तेव्हा मागे प्रजेची जबाबदारी कुणावर सोपवायची हा प्रश्न येतो. हामा नावाचा द्वाररक्षक सांगतो की लोकांचा विश्वास राजघराण्यावर आहे. राजा म्हणतो, एओमर तर माझ्याबरोबर येणार, आणि घराण्यात तोच शेवटचा. तेव्हा हामाला आठवण करून द्यावी लागते की तो शेवटचा नाही, एओविन आहे. ती धीट आहे, लोकांचा तिच्यावर जीव आहे. मामाचं भाचीवर प्रेम आहे, तिने त्याची वर्षानुवर्षं सेवा केली आहे. तरीही माणसं मोजताना तिचं नाव त्याला सुचत नाही, दारावरच्या पहारेकऱ्याला सुचतं. दोन-चार संवादांचाच हा प्रसंग आहे, पण घरोघरच्या कितीतरी बायकांची कथा त्यात मावते.

दुसरं कारण लेखनाच्या कसबाचं आहे. इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर यांनी १९२७ साली पात्रांचे दोन प्रकार सांगितले : एकाच गुणावर उभी असलेली सपाट पात्रं, आणि आपल्याला पटेल अशा रीतीने चकित करणारी भरीव पात्रं. दुय्यम पात्रं बहुधा सपाट ठेवली जातात, कारण लेखकाकडे जागा नसते. एओविन भरीव आहे, आणि तिला जागा मात्र दुय्यम पात्राइतकीच मिळाली आहे. बासष्ट प्रकरणांच्या या कादंबरीत ती येते ती बोटांवर मोजण्याइतक्या प्रकरणांत. मग मधली सगळी वर्षं कोण भरणार? मामाच्या खुर्चीमागे उभं राहून काढलेले दिवस, ग्रीमाची पाठलाग करणारी नजर चुकवत काढलेल्या रात्री टॉल्किन लिहीत नाही. त्या वाचणाऱ्याने भरायच्या असतात. तुम्ही त्या आपल्या रात्रींनी भरल्या. नायकाबद्दल लेखक सगळंच सांगून टाकतो, त्यामुळे आपल्याला घालायला फारसं उरत नाही. एओविनमध्ये तुमचं स्वतःचं पुष्कळ काही गेलं आहे, म्हणून ती तुमची झाली.

हे करणाऱ्या तुम्ही पहिल्या नाही. रामायणातल्या ऊर्मिलेकडे कवींनी पाठ फिरवली ही खंत रवींद्रनाथ ठाकूरांनी ‘काव्येर उपेक्षिता’ या निबंधात मांडली, आणि पुढे मैथिलीशरण गुप्तांनी ‘साकेत’मध्ये तिला मध्यभागी आणलं. मराठीत शिवाजी सावंतांनी ‘मृत्युंजय’मध्ये कर्णाची कथा सांगताना एक भाग त्याच्या बायकोच्या, वृषालीच्या तोंडी दिला. इरावती कर्वे यांनी ‘युगान्त’मध्ये गांधारी, कुंती, द्रौपदी यांच्याकडे माणूस म्हणून पाहिलं. आणि या सगळ्यांच्या कितीतरी आधी हे काम जात्यावर बसणाऱ्या बायकांनी केलं होतं. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. जात्यावरच्या ओवीत रामायण येतं तेव्हा रावणवधापेक्षा सीतेच्या वनवासाची कहाणी जास्त येते. दळणारीने त्या महाकाव्यातून आपल्याला हवं ते उचललं आणि आपल्या सासर-माहेराशी जोडून घेतलं. तुमच्या भागात तर हा वारसा दुहेरी आहे. कन्नड बायकांची अशीच गाणी विजयपूर जिल्ह्यातल्या हलसंगीच्या मित्रमंडळींनी ‘गरतिय हाडु’ या संग्रहात जपून ठेवली. आजोबांच्या खाटेशेजारी बसून तुम्ही एओविन वाचली, तीही याच जुन्या रीतीने.

तिचं जग इतकं दूरचं, तरी संबंध कसा जुळतो?

तुमच्या भावाचा प्रश्न वाटतो तितका उडवून लावण्यासारखा नाही. मराठी साहित्यविचारात त्यावर गंभीर चर्चा झाली आहे. १९२१ साली बडोद्याच्या साहित्य संमेलनात अध्यक्षपदावरून बोलताना न. चिं. केळकर यांनी ‘सविकल्प समाधी’ची कल्पना मांडली. वाचक दुसऱ्याच्या अनुभवात शिरतो, त्याच्याशी एकरूप होतो, पण आपण कोण हे विसरत नाही. एकाच वेळी दोन ठिकाणी असण्यात वाङ्मयाचा आनंद आहे, असा त्या विचाराचा गाभा. तुम्ही खाटेशेजारी आहात आणि रोहनच्या राजवाड्यातही आहात. आजोबांनी पाणी मागितलं की उठता, परत येऊन पान उघडता. यात एका जागी असणं दुसऱ्या जागेला खोटं ठरवत नाही.

आता तलवारीबद्दल. अद्भुत कथेत वस्तू मोठ्या होतात, भावना मात्र त्याच राहतात. डनहॅरोच्या छावणीत एओविन आरागॉर्नला सांगते की मलाही तुमच्याबरोबर यायचं आहे. तो कर्तव्याची आठवण देतो. त्यावर ती जे बोलते त्याचा आशय असा : तुमच्या सगळ्या बोलण्याचा अर्थ एवढाच की तू बाई आहेस, तुझी जागा घरात, आणि पुरुष लढाईत मेले की घराबरोबर जळून जायची मोकळीक तुला आहे. कशाची भीती वाटते असं तो विचारतो, तेव्हा ती मरणाचं नाव घेत नाही. तिला भीती वाटते ती पिंजऱ्याची : आत राहून राहून एक दिवस त्याचीच सवय होईल आणि काही मोठं करायची इच्छाही मरून जाईल, ही. ही भीती कळायला चिलखत घालावं लागत नाही. बारावीनंतर शिक्षण थांबलेल्या मुलीला ती कळते, म्हाताऱ्या आईवडिलांसाठी बदली नाकारणाऱ्या मुलालाही कळते.

पुढे ती पुरुषाचा वेश करते, डर्नहेल्म हे नाव घेते आणि सैन्यात मिसळते. जाताना ती मेरी या हॉबिटलाही आपल्या घोड्यावर घेते. हा बुटका तरुणही एओविनसारखाच ‘तुझा इथे उपयोग नाही’ असं सांगून मागे ठेवलेला. पेलेनॉरच्या रणात कुठल्याही पुरुषाच्या हातून मरणार नाही असं भाकीत असलेला, नाझ्गुल नावाच्या शत्रूच्या भीषण स्वारांचा प्रमुख राजावर चालून येतो, आणि एओविन त्याच्यासमोर उभी ठाकते. मागून मेरी वार करतो, समोरून ती. ज्यांना लढाईत जागाच नाही असं ठरलं होतं त्या दोघांनी मिळून सगळ्यात मोठ्या शत्रूला संपवलं. तिचं सगळं धैर्य तिथे दिसतं, पण ते आलं कुठून? मरणाच्या दारात पडलेल्या मामाला ती सोडून पळाली नाही. वर्षानुवर्षं त्याच्या खुर्चीमागे जी उभी राहिली होती, तीच रणात त्याच्यापुढे उभी राहिली. तुमच्या भावाला हे सांगा : तुमचा तिचा संबंध तलवारीतून येत नाही, या उभं राहण्यातून येतो.

शेवटी ती तलवार खाली ठेवते, हे खटकणं चुकीचं आहे का?

नाही. तुमच्याआधीही पुष्कळ जणींना ते खटकलं आहे. एवढं सगळं करून शेवटी फारामिर नावाच्या सेनानीशी लग्न आणि शुश्रूषेचा मार्ग. म्हणजे पुन्हा तिथेच पोचली की काय, असा प्रश्न पडतोच. टॉल्किनच्या कच्च्या टिपणांवरून दिसतं की तिचं काय करावं हे त्यालाही लवकर ठरवता आलं नव्हतं. एका टप्प्यावर तिचं आरागॉर्नशी लग्न होणार होतं, दुसऱ्या टप्प्यावर राजासाठी लढताना तिला मरण येणार होतं. मला वाटतं, ती जगली हेच बरं झालं, आणि त्याचं कारण लढाईनंतरच्या एका प्रसंगात आहे.

जखमी एओविनला शुश्रूषागृहात आणतात. आरागॉर्न तिला तपासतो आणि म्हणतो की हिचं दुखणं आजच्या जखमेपासून सुरू झालेलं नाही, फार आधीचं आहे. भाऊ एओमर गोंधळतो. त्याला तर कधी काही जाणवलं नव्हतं. तेव्हा जादूगार गँडाल्फ त्याला समजावतो : तुझ्याकडे घोडे होते, पराक्रम होता, मोकळी रानं होती. हिचं धैर्य तुझ्याहून कमी नव्हतं, पण हिच्या वाट्याला आलं ते वडिलांसारख्या माणसाची सेवा करत, तो रोज थोडाथोडा ढासळताना पाहणं. राजा ज्या काठीवर टेकून चालायचा तिच्याइतकीही किंमत आपल्याला नाही, असं हिला वाटत राहिलं. हे ऐकून एओमर गप्प होतो आणि बहिणीकडे पाहत राहतो. दोघांनी एकत्र काढलेली सगळी वर्षं तो नव्याने तपासतो आहे, असं टॉल्किन लिहितो. सगळ्या कादंबरीत मला हे पान सर्वांत थोर वाटतं. आजारी माणसाची सेवा करणाऱ्याच्या थकव्याला इथे नाव मिळालं आहे, आणि त्या थकव्याबद्दल कुणी तिला दोष देत नाही.

एओविन रणावर गेली ती मरण शोधत, हे टॉल्किनने आडून सांगून ठेवलं आहे : डर्नहेल्मच्या चेहऱ्यावर मेरीला आशा सोडून मरणाकडे निघालेलं माणूस दिसतं. तेव्हा शेवटी ती खाली ठेवते ती तलवारीपेक्षाही मरणाची ओढ आहे. जखमा बऱ्या करणं, वाढणाऱ्या गोष्टींवर जीव लावणं ती स्वतः निवडते. मामाची सेवा तिच्यावर येऊन पडली होती. पुढचं काम तिने मागून घेतलं. बाहेरून दोन्ही सारखी दिसली तरी आतून त्यांत फार मोठं अंतर आहे.

शस्त्र खाली ठेवणारी या कथेत ती एकटी नाही, हेही लक्षात घ्या. फ्रोडोला शेवटी तलवार कमरेला नको असते. त्याचा सोबती सॅम परत जाऊन झाडं लावतो. फारामिरचंही शस्त्रावर शस्त्र म्हणून प्रेम नाही. हे लिहिणारा माणूस १९१६ साली सोमच्या लढाईत होता, खंदकातल्या तापाने आजारी पडून घरी परतला होता आणि जवळचे मित्र त्याने त्या युद्धात गमावले होते. त्याचे वडील तो चार वर्षांचा असताना वारले, आई बारा वर्षांचा असताना. पोरकेपण आणि युद्ध दोन्ही भोगलेल्या लेखकाला बरं होणं हे लढण्याहून कमी वाटलं नाही, यात नवल नाही.

इथे मला गंगाखेडची जनाबाई आठवते. नामदेवांच्या घरी दासी म्हणून ती राहिली, दळणकांडण केलं, आणि संतांच्या मांदियाळीत स्वतःच्या आवाजाने उभी राहिली. घर सोडून गेली तरच बाई मोठी, आणि राहिली तर हरली, हा हिशेब तिने खोटा ठरवला. पण म्हणून राहणाऱ्या प्रत्येकीने गोड मानून घ्यावं असंही नाही. तुम्हाला शेवट खटकला, कारण तुमच्या मनात काही राहून गेलेलं आहे. त्या खटकण्याला गप्प करू नका. गँडाल्फचं ते पान भावाला फोनवर वाचून दाखवा, आणि आजोबांची काही जबाबदारी त्याने कशी वाटून घ्यावी, हेही त्याच बोलण्यात ठरवा.

मग हे पळ काढणं नाही?

हा आरोप परीकथांवरही झाला होता. १९३९ साली स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूज विद्यापीठात परीकथांवर व्याख्यान देताना टॉल्किनने त्याला उत्तर दिलं. त्याचं म्हणणं असं की टीकाकार दोन गोष्टींची गल्लत करतात : कैद्याची सुटका आणि सैन्यातून पळालेल्या शिपायाचा पळ. कोठडीत बसलेल्या माणसाने भिंतींपलीकडच्या जगाचा विचार केला, तर त्यात लाजिरवाणं काय?

तुम्ही तर कर्तव्य टाकूनही गेलेल्या नाही. आजोबांचं औषधपाणी, जेवणखाण सगळं सांभाळून तुम्ही वाचलं, आणि वाचलं ते नेमकं त्याच जबाबदारीबद्दल. तोंड फिरवायचं असतं तर लढाया आणि जादू पाहून पानं पुढे उलटली असती. तुम्ही मात्र सेवा करून थकलेल्या मुलीपाशी थांबलात. दिवसभर जे बोलायला कुणी मिळत नाही, ते एका अद्भुत कथेने तुमच्यासमोर मांडलं. अद्भुत कथा आपल्याला परकीही नाही. मराठी कादंबरीच्या अगदी सुरुवातीला हळब्यांची ‘मुक्तामाला’ (१८६१) आणि रिसबुडांची ‘मंजुघोषा’ (१८६८) आहेत, आणि दोन्ही अद्भुतरम्य आहेत.

आता पुढे काय वाचावं? ‘युगान्त’ वाचा, आणि त्यातलं गांधारीचं प्रकरण आधी घ्या. ‘मृत्युंजय’ वाचलं असेल तर वृषालीचा भाग पुन्हा काढा. जनाबाईचे अभंग सलग वाचा. आजोबांनीच तुम्हाला वाचायची गोडी लावली आहे, तर यातलं काही त्यांना मोठ्याने वाचून दाखवा; अर्धांगवायूत बोलणं अडलं तरी पुष्कळदा ऐकणं शाबूत असतं. आणि एक वही घ्या. रोहनच्या राजवाड्यातली जी वर्षं टॉल्किनने लिहिली नाहीत, ती तुम्ही लिहा, मराठीत. त्या वर्षांबद्दल तुम्हाला जे ठाऊक आहे ते टॉल्किनलाही ठाऊक नव्हतं.